अंतर तेवढंच, वेळ मात्र दुसरंच कुणी ठरवतं

आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊनच बसा.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास आमच्या मजल्यावरच्या काकू मोबाइल घेऊन दारात उभ्या. त्यांची लेक लंडनला असते. काकांचं बायपासचं ऑपरेशन त्याच दिवशी दुपारी होतं आणि लेक आदल्या रात्री तिकडून निघाली होती. काकांना आत नेण्याआधी दोघांची भेट व्हावी, एवढंच काकूंच्या मनात. विमान आत्ता कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं, हे नातवाने त्यांना शिकवून ठेवलेलं.

"अरे, हे बघ जरा. हे विमान अरबस्तानाच्या बाजूला कशाला चाललंय? सरळ यायला काय झालं?"

माझ्या मुलाचा जुना पृथ्वीगोल कपाटावर धूळ खात पडला होता. तो काढला, पुसला. काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक मुंबईवर, एक लंडनवर, आणि दोरा ताणून धरला. दोन गावांमधलं आकाशातलं सगळ्यात जवळचं अंतर असंच मोजतात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते कळत नाही, कारण पृथ्वी सपाट नाही.

मग काकूंना म्हटलं, चष्मा लावा आणि दोऱ्याखालची नावं वाचा.

त्या वाचत गेल्या. कच्छ. मग बलुचिस्तान. मग अफगाणिस्तान, इराण आणि पाकिस्तान जिथे एकमेकांना भिडतात तो कोपरा. मग इराण, थेट कॅस्पियन समुद्रापर्यंत. अझरबैजान. जॉर्जिया. काळा समुद्र, क्रिमियाचं टोक. युक्रेन. पुढे पोलंड-चेकच्या बाजूने जर्मनी, आणि मग लंडन.

काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, म्हणजे सरळ रस्त्यावर सगळी भांडणंच की!"

त्या वाक्याने मला ही पोस्ट लिहायला बसवलं.

आधी साधा हिशोब करू. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. भागाकार केला तर आठ तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जाताना नऊ ते दहा तास लागतात आणि परत येताना बऱ्याचदा तासभर कमी. या फरकाचं कारण वारा. आपल्या उत्तरेला, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. लंडनला जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. त्यात धावपट्टीकडे सरकण्याचा वेळ, उतरताना मुंबईवर मारलेल्या घिरट्या मिळवा.

एवढं भूगोलाचं आणि हवामानाचं. उरलेला वेळ कुठे जातो? तो जातो वळशात. आणि वळसा का, याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकात नाही, इतिहासाच्या पुस्तकात आहे.

*

आपल्या पणजोबांच्या काळात विलायतेला जायचं म्हणजे बोट. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि आफ्रिकेला घालायचा वळसा संपला. मुंबई-लंडनचं सागरी अंतर साधारण चाळीस टक्क्यांनी कमी झालं. तरी किती दिवस लागत? एक पक्कं उदाहरण देतो. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ ला मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. ११ सप्टेंबरला मार्सेलला उतरले, तिथून आगगाडीने फ्रान्स ओलांडून १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. म्हणजे दोन आठवडे. बाबासाहेब आंबेडकरही त्या परिषदेला बोटीनेच गेले होते.

पण त्याआधीच, ३० मार्च १९२९ ला, इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची विमानसेवा सुरू केली होती. प्रवास साधारण आठवड्याचा. गंमत म्हणजे हा 'विमानप्रवास' पूर्ण विमानाचा नव्हताच. लंडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जायचं, तिथून आगगाडीने आल्प्स ओलांडून इटलीतल्या जेनोवाला, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडायचा, आणि पुढे पुन्हा जमिनीवरच्या विमानाने इराक, इराणच्या किनाऱ्याने कराची.

हा इराणचा किनारा लक्षात ठेवा. बसऱ्यापर्यंतची सेवा १९२७ मध्येच सुरू झाली होती. पुढे कराचीला यायला विमानं होती, वैमानिक होते. नव्हती ती इराणची परवानगी. ती मिळायला दोन वर्षं गेली. मिळाली तीही थोड्या काळासाठी. १९३२ मध्ये इराणने ती काढून घेतली आणि सगळा मार्ग आखाताच्या पलीकडच्या, अरबी किनाऱ्यावर न्यावा लागला. तेव्हा शारजाच्या वाळूत विमानतळ आणि प्रवाशांसाठी किल्ल्यासारखं विश्रामगृह उभं राहिलं. आज ज्या आखाती विमानतळांवरून लाखो मराठी माणसं ये-जा करतात, त्या भागातल्या विमानवाहतुकीची सुरुवात अशी एका नकारातून झाली.

म्हणजे बघा, इंग्रजांचं साम्राज्य ऐन भरात असतानाही त्यांच्या विमानाला दुसऱ्याच्या आकाशासाठी हात जोडावे लागले होते.

*

त्याच १९३२ च्या ऑक्टोबर महिन्यात आपल्या इथे काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटा कराचीहून 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले. लंडनहून इम्पीरियलने कराचीला आणलेलं टपाल पुढे पोचवायचं हे काम. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं. ते पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी विमान जुहूच्या मैदानात उतरलं. पहाटे निघून साधारण सव्वासात तासांत कराची ते मुंबई. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल व्हायचा, तेव्हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याला हलायचा.

आता मला एक सांगा. आज मुंबईहून कराचीला जायला किती वेळ लागेल?

अंतर नऊशे किलोमीटरही नाही. मुंबई-नागपूरपेक्षा थोडंसंच जास्त. आजच्या विमानाला दीड तास पुष्कळ. पण या दोन शहरांमध्ये आज एकही थेट विमान नाही. दुबईवरून जायचं म्हटलं तर तीन तास तिकडे, मग विमानतळावर बसून राहायचं, मग तिथून पुन्हा दोन तास कराचीला. बेरीज केली तर जेआरडींच्या सव्वासात तासांच्या आसपासच जाते, कधी त्याच्याही वर. आणि हे व्हिसा मिळाला तर. एका इंजिनाच्या विमानाने, बैलगाडीतून आलेल्या पेट्रोलवर जो वेळ १९३२ मध्ये साधला, तो नव्वद वर्षांनी आपल्याला सुधारता आलेला नाही.

यात दोष कुणाचा, किती, यावर आपली मतं वेगळी असतील. ती असू द्या. मी फक्त घड्याळ दाखवतोय.

*

आकाश कुणाचं, हा प्रश्न जगाने दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना सोडवायला घेतला. नोव्हेंबर १९४४ मध्ये शिकागोला पन्नासहून अधिक देश जमले, भारतही त्यात होता. ७ डिसेंबरला करार झाला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण अधिकार आहे. समुद्रात जहाजांना जशी खुली वाट असते, तशी आकाशात नाही. दुसऱ्याच्या डोक्यावरून जायचं तर त्याची संमती हवी, आणि तो देश सेवेबद्दल पैसेही घेतो. विमान किती वजनाचं, किती अंतर कापलं, त्यावर हे शुल्क ठरतं. आपण तिकिटाचे पैसे भरतो, त्यात वाटेतल्या सगळ्या देशांचा हा टोल असतो.

याच व्यवस्थेत ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. ३५ प्रवासी. कैरो, जिनिव्हा आणि मग लंडन. चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान. साधारण दिवसभराचा प्रवास. गांधीजींचे दोन आठवडे सतरा वर्षांत एका दिवसावर आले. नव्या देशाला स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. विचार करा, काय वाटलं असेल तेव्हा लोकांना!

पण तेव्हा प्रत्येक थांब्याची जोखीमही होती. हेच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ जण गेले. पुढे २४ जानेवारी १९६६ ला त्याच पर्वतावर, त्याच जिनिव्हाच्या वाटेवर, एअर इंडियाचं बोइंग ७०७ 'कांचनजंगा' कोसळलं. ११७ जण गेले, त्यात डॉ. होमी भाभा होते. मुंबई, दिल्ली, बैरूत, जिनिव्हा, लंडन असा त्या विमानाचा मार्ग होता. आज आपण एका झोपेत लंडन गाठतो, तेव्हा ते गळालेले थांबे आठवावेत.

१९६० मध्ये जेट आली आणि वेग जवळपास दुप्पट झाला. १९७१ मध्ये जम्बो आलं. टाकी मोठी, पल्ला लांब. एकेक थांबा गळत गेला. यंत्राने आपलं काम चोख केलं. बोटीचे दोन आठवडे, कॉन्स्टेलेशनचा एक दिवस, जेटचे नऊ-दहा तास. त्यानंतर गेल्या पन्नास वर्षांत विमानाचा वेग फारसा वाढलेला नाही. म्हणजे आता वेळ वाढतो किंवा कमी होतो तो मुख्यतः कुणाचं आकाश उघडं आहे आणि कुणाचं बंद, यावर.

*

आकाश बंद करणं हे फक्त शेजारी करतो असं नाही. आपणही केलं आहे, आणि त्याचा परिणाम इतिहासावर झाला आहे.

३० जानेवारी १९७१. इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' नावाचं फोकर विमान श्रीनगरहून जम्मूला येताना पळवून लाहोरला नेलं गेलं. प्रवाशांना सोडलं, पण २ फेब्रुवारीला विमान जाळलं. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं.

तेव्हा पाकिस्तान दोन तुकड्यांत होता. कराची ते ढाका सरळ अंतर सुमारे २,३५० किलोमीटर, आणि ते जवळपास सगळं भारतावरून. आता त्यांना श्रीलंकेवरून वळसा घालावा लागला. कराची-कोलंबो-ढाका, म्हणजे साडेचार हजार किलोमीटरच्या वर. एका देशाची दोन शहरं एका रात्रीत दुप्पट लांब गेली. मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू झाली, तेव्हा सैनिक आणि सामान याच लांबच्या वाटेने न्यावं लागलं. बांगलादेशच्या जन्माची कारणं अर्थातच कितीतरी मोठी आहेत. पण त्या वर्षी पाकिस्तानच्या दोन भागांना जोडणारा धागा आकाशातही ताणला गेला होता, हे विसरून चालत नाही.

पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेकडे तक्रार केली. हा विषय त्या संघटनेच्या कक्षेत येत नाही, असं म्हणत भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताची बाजू मांडायला होते आपल्या मुंबईचे नानी पालखीवाला. १८ ऑगस्ट १९७२ ला निकाल लागला तो आपल्या विरोधात. न्यायालय म्हणालं, संघटनेला तक्रार ऐकायचा अधिकार आहे. पण तोवर नकाशाच बदलला होता. ढाका आता दुसऱ्याच देशाची राजधानी होती. शेवटी १९७६ मध्ये दोन्ही देशांनी बोलणी करून आकाश उघडलं. पाच वर्षांनी.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. संसदेवरच्या हल्ल्यानंतर जानेवारी २००२ पासून दोन वर्षं आकाश बंद. बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ च्या शेवटापासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद. दिल्ली-इस्तंबूल हे विमान तेव्हा इंधनासाठी दोह्याला उतरत होतं. आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना, ३० एप्रिलपासून आपण त्यांच्या विमानांना. मग महिन्यामहिन्याने मुदतवाढ.

यात मुंबईला फटका कमी, दिल्लीला जास्त. आपण अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने निघू शकतो. दिल्लीच्या विमानाला आधी खाली दक्षिणेला यावं लागतं, मग पश्चिमेला वळायचं. पण फटका सगळ्यांनाच. २०२५ मध्ये अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी थांबू लागली. ताश्कंद आणि अल्माटीला जाणारी विमानं बंदच झाली, कारण त्या छोट्या विमानांचा पल्लाच तेवढा नाही. दिल्ली-वॉशिंग्टन ही थेट सेवा सप्टेंबर २०२५ पासून थांबवली गेली, आणि कंपनीने दिलेल्या कारणांत हेही एक होतं.

पैशाचा हिशोब? २०१९ च्या बंदीत २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झालं, असं सरकारने संसदेत सांगितलं. तेव्हा एअर इंडिया सरकारी होती, म्हणजे ते पैसे तुमचे-माझे. पाकिस्तानच्या मंत्र्यांनीही आपल्या बाजूचा आकडा साडेआठ अब्ज पाकिस्तानी रुपये सांगितला होता. आकाश बंद करणाऱ्याचाही टोल बुडतो. दोघांचं नुकसान, आणि दोन्हीकडे टीव्हीवर मात्र 'जबरदस्त दणका'!

*

इथे कुणी म्हणेल, "मग काय, आकाश उघडंच ठेवायचं का?" तसं नाही. आकाश बंद करण्यात शहाणपणही असतं, आणि ते न केल्याची किंमत भयंकर असते.

काकूंच्या दोऱ्यावर परत जाऊ. दोरा क्रिमियाच्या टोकावरून युक्रेनमध्ये शिरतो. २०१४ मध्ये युक्रेनच्या पूर्वेला लढाई पेटली होती. तिथलं आकाश ३२ हजार फुटांपर्यंत बंद होतं, त्याच्यावर उघडं. १७ जुलै २०१४ ला मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-१७ विमान ३३ हजार फुटांवरून चाललं होतं. जमिनीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने ते पाडलं. २९८ माणसं. भारतीय कंपन्यांची विमानंही तेव्हा त्याच भागातून जात होती. फरक फक्त नशिबाचा.

दोरा इराणवरूनही जातो. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडलं. १७६ माणसं. त्या रात्री इराणने इराकमधल्या अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रं सोडली होती, प्रत्युत्तराची धास्ती होती, आणि तरी नागरी विमानांना आकाश उघडं ठेवलेलं होतं.

म्हणून युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ण बंद आहे ते योग्यच. तिथला वळसा जीव वाचवतो. तो तासभर मी आनंदाने देईन. पण सगळे वळसे सारखे नसतात. एक वळसा आग टाळण्यासाठी असतो. दुसरा राग दाखवण्यासाठी असतो. दुसऱ्याची गरज कधी पडतच नाही असं मी म्हणत नाही. देशावर हल्ला झाला की सरकारला काहीतरी करावंच लागतं. पण तो वळसा किती दिवस, किती खर्चाचा, आणि त्यातून काय साधलं, हे विचारायचा हक्क नागरिकाला आहे. १९७१ च्या बंदीने काहीतरी साधलं, असं म्हणता येतं. प्रत्येक बंदीबद्दल ते म्हणता येईल का?

*

उलटी गोष्टही सांगतो, म्हणजे सगळं निराशेचं वाटायला नको.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली लोक. कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतले बरेच इस्रायलला गेले, पण घरात मराठी ठेवली. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत असे. या माणसांना अलिबागला आजोळी यायचं म्हणजे तेल अवीव ते मुंबई. सरळ वाट सौदी अरेबियावरून. पण सौदीचं आकाश बंद. मग इस्रायली विमान तांबड्या समुद्रातून खाली उतरून, अरबस्तानाला पूर्ण वळसा घालून मुंबईला यायचं.

२२ मार्च २०१८ ला एअर इंडियाचं दिल्ली-तेल अवीव विमान सौदीवरून गेलं. इस्रायलला जाणारं पहिलं प्रवासी विमान, ज्याला सौदीने वाट दिली. सत्तर वर्षांची बंदी अशी एका संध्याकाळी मोडली. जुलै २०२२ मध्ये सौदीने सगळ्या कंपन्यांना परवानगी दिली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने. मग इस्रायली विमानांचाही पूर्वेकडचा रस्ता सरळ झाला आणि मुंबईच्या प्रवासात दोनेक तास वाचू लागले. पुढे गाझाच्या युद्धाने तिथली उड्डाणं पुन्हा विस्कटली, ते वेगळं. पण हे दोन तास वाचवायला नवं इंजिन लागलं नाही, नवी धावपट्टी लागली नाही. काही लोकांनी टेबलाशी बसून सह्या केल्या, एवढंच.

*

आता मला काय म्हणायचंय ते थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे नवा विमानतळ झाला की फीत कापायला सगळे हजर. धावपट्टी किती मीटर, टर्मिनल किती मजली, यावर बातम्या येतात. पाहिजेतच. पण विमान उडाल्यावर ते कुठून जाणार, यावर कुणी बोलत नाही. शेजाऱ्यांशी संबंध हा 'दिल्लीचा विषय' आणि विमानतळ हा 'विकासाचा विषय', अशी आपण वाटणी करून टाकली आहे. दोरा धरून बघा, दोन्ही एकच विषय आहे. इंधन जास्त जळतं, तिकीट वाढतं, मालवाहू विमानात आंबा आणि द्राक्षं कमी मावतात, दर वाढतो. शेवटी तो खर्च कुणाच्या तरी घरी येऊन पोचतोच.

म्हणून पुढच्या वेळी आकाश बंद झाल्याची बातमी आली, तर टाळ्या वाजवण्याआधी किंवा शिव्या देण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा वळसा आगीचा आहे की रागाचा? आणि हिशोब कोण देणार, कधी देणार? २०१९ चा आकडा संसदेत कुणीतरी प्रश्न विचारला म्हणून मिळाला. न विचारता मिळत नाही.

आणि हो, काकूंची लेक.

विमान उतरलं. उशीर झाला, पण त्याचं सगळं खापर आकाशावर फोडता येणार नाही. मुंबईवर घिरट्या होत्या, सामानाच्या पट्ट्यापाशी गर्दी होती, आणि आपला हायवे तर तुम्हाला माहीतच आहे. ती हॉस्पिटलच्या जिन्यात पोचली तेव्हा काकांना आत नेऊन पंचवीस मिनिटं झाली होती. संध्याकाळपर्यंत ती आणि काकू बाहेरच्या बाकावर हात धरून बसून होत्या.

काका आता बरे आहेत. सकाळी खाली फेऱ्या मारतात. परवा घरी आले तेव्हा पृथ्वीगोलावर अजून दोरा चिकटवलेला पाहिला, आणि मला विचारलं, "हा इथून सरळ कधी जाणार रे?"

मी म्हटलं, "काका, त्याला सगळ्यांची परवानगी लागते."

तुमच्या घरात कुणी बोटीने विलायतेला गेलं असेल, कैरो-जिनिव्हा करत गेलं असेल, किंवा फाळणीआधी कराचीहून मुंबईला आलं असेल, तर किती वेळ लागला होता ते घरात विचारा आणि खाली नक्की लिहा. सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.